शिकवणं आवडतं, तरी नोकरी नकोशी झालीय

नमस्कार,

मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. वय ४३. २००९ साली नोकरीला लागले तेव्हा सोमवारची वाट बघायचे, खोटं नाही सांगत. आता रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. माझ्याकडे नॅकचा, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचा, क्रायटेरियन तीन आहे, एन.एस.एस. आहे, परीक्षा विभागाचं काम आहे, शिवाय नव्या शैक्षणिक धोरणामुळे दरवर्षी नवा अभ्यासक्रम हातात पडतोय. या सगळ्याला वेळ मिळावा म्हणून माझ्या नावावरच्या प्रॅक्टिकलच्या दोन बॅचेस सी.एच.बी.वरच्या (तासिका तत्त्वावरच्या) एक मॅडम सांभाळून घेतात. रात्री अकरापर्यंत ग्रुपवर 'अर्जंट' म्हणून काहीतरी येतच असतं. पहाटे साडेतीनला जाग येते, छातीत धडधडतं, मग झोप नाही. मागच्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा घरच्या बागेतलं द्राक्षाचं पान घेऊन आला, 'मॅडम, हा दावण्याच का?' असं त्यावरच्या रोगाबद्दल विचारायला. मी स्क्रीनवरून मान न काढता 'नंतर ये' म्हणाले. तो परत आलाच नाही. घरचे म्हणतात, एवढा पगार, एवढ्या सुट्ट्या, तुला कसला आलाय ताण? आता मलाच कळेनासं झालंय. मी कामचुकार झालेय का? की शिकवण्यावरूनच मन उडालंय? राजीनामा द्यावा का?

– एक प्राध्यापिका, सांगली

मॅडम,

आधी पहाटे जाग येण्याबद्दल बोलू. बाकीचं दोन-चार आठवडे मागेपुढे झालं तरी चालेल, हे चालणार नाही. झोप मोडणं आणि धडधड याला तुम्ही परस्पर ताण असं नाव देऊन टाकलंय, आणि ते बहुधा बरोबरही असेल. पण त्रेचाळिसाव्या वर्षी याच तक्रारी थायरॉईडमुळे होतात, रक्त कमी असल्याने होतात, पाळी थांबण्याआधीच्या काळातही होतात. तेव्हा याच आठवड्यात फिजिशियनला दाखवा. रक्ताच्या तपासण्या आणि ईसीजी करून घ्या. 'कॉलेज सुटल्यावर जमलं तर' असं नको, सरळ किरकोळ रजा टाका. सगळं ठीक आलं आणि तरीही झोप लागेना, किंवा उगाच रडू येतंय, कशातच गोडी वाटत नाही, जगणंच नकोसं वाटतंय असं काही असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला वेळ लावू नका. मिरजेला तर शेजारच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून लोक उपचारासाठी येतात, आपल्याला ते दारात आहे. दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटेल असा संकोच असेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही कामचुकार नाही. कामचुकार माणसाला एका मुलाला म्हटलेलं 'नंतर ये' आठवडाभर टोचत राहत नाही.

तुमचं जे झालंय ते ओळखीचं आहे, आणि त्याचा बराच अभ्यास झालेला आहे. क्रिस्टिना मास्लाक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सुझन जॅक्सन यांच्याबरोबर १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची एक प्रश्नावली मांडली. तेव्हापासून त्याच्या तीन खुणा सांगितल्या जातात. पहिली, विश्रांतीनेही न जाणारा थकवा. दुसरी, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्यापासूनच मन तुटत जाणं. तिसरी, आपल्याला काही जमत नाही असं वाटू लागणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणातही बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या जागेवरचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की उद्भवणारी अवस्था, अशी ती नोंद आहे. हे तुमच्या घरच्यांनाही वाचून दाखवा. त्या व्याख्येत माणसाच्या आळसाचा उल्लेख नाही, कामाच्या जागेचा आहे. तुमच्या पत्रात तिन्ही खुणा दिसतात. रविवारचा गोळा, स्क्रीनवरून न निघालेली मान, आणि 'मी कामचुकार झालेय का' हा प्रश्न.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटली ती प्रॅक्टिकलच्या बॅचेसची ओळ. ती तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मी तिथेच थांबले.

काम वाढलं की कामातली गोडी आपोआप कमी होते, असं आपण धरून चालतो. म्हणून ताण आला की पहिला विचार येतो, काहीतरी कमी करू या. नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये एक मांडणी केली, ती याहून थोडी वेगळी आहे आणि पुढे शिक्षक-प्राध्यापकांवरच्या अभ्यासांतही ती खूप वापरली गेली. ते म्हणतात, कामाचे दोन भाग वेगवेगळे बघा. एक भाग म्हणजे काम आपल्याकडून जे मागतं ते: तास, मुदती, गर्दी, एकाच वेळी चार जणांची वेगवेगळी फर्मानं. दुसरा भाग म्हणजे काम आपल्याला जे देतं ते: आपलं आपण ठरवायची मोकळीक, सहकाऱ्यांची साथ, कुणीतरी केलेली कदर, नवं शिकायची संधी, आपल्यामुळे एखाद्याला काही कळलं याचं समाधान. पहिला भाग फार वाढला की माणूस थकतो. दुसरा भाग आटला की माणूस कामातून मन काढून घेतो. दोन्ही एकदम झालं की तुमच्यासारखं पत्र येतं. विहीर कोरडी पडते ती दर वेळी उपसा वाढल्यानेच असं नाही, कधी झरे बुजलेले असतात.

आता तुमच्या वाटणीकडे बघा. वेळ कमी पडला तेव्हा तुम्ही प्रॅक्टिकल सोडलं आणि फायली ठेवल्या. म्हणजे वीस पोरं भोवती घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पानाचा छेद दाखवून, 'दिसलं का? आता तू बघ' म्हणायचं, ते गेलं. जिओटॅग केलेले फोटो, हजेरीपत्रकाच्या स्कॅन प्रती आणि नॅकच्या वार्षिक अहवालाचे, म्हणजे एक्यूएआरचे, तक्ते उरले. जे काम तुम्हाला देत होतं ते दिलंत आणि जे फक्त घेतं ते जवळ ठेवलंत. तुम्ही हे मुद्दाम केलं नाही. फायलीला तारीख असते, वरून फोन येतो, प्रॅक्टिकलसाठी कुणाचा फोन येत नाही. पण परिणाम तोच झाला. उट्रेख्ट विद्यापीठातले विल्मर शाउफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कामात रंगून जाण्याची तीन अंगं सांगितली: अंगातला उत्साह, कामाबद्दलची आत्मीयता आणि वेळेचं भान हरपणारी तल्लीनता. तक्ते भरताना या तिन्हींतलं एकही कुणाला मिळालेलं मी पाहिलेलं नाही. तेव्हा शिकवण्यावरून तुमचं मन उडालेलं नाही. तुम्हाला शिकवायलाच मिळत नाहीये.

म्हणून माझा पहिला सल्ला तुम्हाला उलटा वाटेल. त्या दोन बॅचेसपैकी किमान एक परत घ्या. काम वाढेल, हो. तरीही घ्या.

याला दुसरंही एक कारण आहे आणि ते मी स्पष्ट लिहिते, राग मानू नका. बॅचेस तुमच्या नावावर आहेत आणि घेतात सी.एच.बी.वरच्या मॅडम. सी.एच.बी. म्हणजे तासाप्रमाणे मानधन. जो तास त्यांच्या नावावर लागत नाही त्याचे पैसे त्यांना मिळत नाहीत. सुट्टीत मानधन नाही, पुढच्या वर्षी नेमणूक होईल याची खात्री नाही, मग 'नाही' म्हणणार कशा? तुमच्यावर वरून जे ओझं आलं ते तुमच्याही नकळत तुम्ही त्यांच्याकडे सरकवलंत. त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. एक बॅच तुम्ही घ्या, आणि दुसरी त्यांना खरंच हवी असेल तर ती कागदोपत्री त्यांच्या नावावर लावून घ्यायचा प्रयत्न करा. आणि कृपा करून, बॅच परत घेऊन बदल्यात क्रायटेरियनची फाईल त्यांच्या हातात देऊ नका.

त्या मुलालाही बोलावून घ्या. वर्गात सगळ्यांसमोर विचारा, कुणाच्या बागेत दावण्या दिसतोय, पानं घेऊन या. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की तुमच्याकडच्या द्राक्षपट्ट्यात घरोघर याच रोगाची चर्चा असते. पुस्तकातला अख्खा धडा पोरांच्या घरी जिवंत उभा आहे. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट डाग, खालून पांढरी बुरशी, आणि भुरी या दुसऱ्या रोगापासून तो कसा वेगळा ओळखायचा, एवढं एक प्रॅक्टिकल तुम्ही डोळे मिटून घ्याल. जमलं तर त्यांना एकदा सागरेश्वर अभयारण्यात किंवा दंडोबाच्या डोंगरावर घेऊन जा. हे मी विरंगुळा म्हणून सुचवत नाही. तुमच्या नोकरीचं मूळ काम हेच आहे.

आता मागण्यांची बाजू. ती कमी झाली नाही तर नुसत्या एका बॅचच्या आनंदावर तुम्ही फार दिवस तग धरणार नाही. इथे तुम्हाला प्राचार्यांशी बोलावं लागेल. तुमच्या पत्रात प्राचार्यांचा साधा उल्लेखही नाही, म्हणजे आजवर तुम्ही हे त्यांच्याकडे काढलेलंच नसावं. आपल्याकडे 'बघते सर, करते सर' म्हणत सगळं अंगावर घ्यायचं आणि आतल्या आत धुमसायचं, ही स्टाफरूमची जुनी रीत आहे. बायकांच्या वाट्याला ती जास्त येते, कारण 'मॅडम व्यवस्थित करतात' हे कौतुक पुढच्या कामाचं आमंत्रण ठरतं.

जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. रोज कुठल्या कामाला किती वेळ गेला, एवढंच लिहायचं. मग २०१८ ची यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, नियमावली काढा. वर्षातले ३० आठवडे, आठवड्याला किमान ४० तास काम, त्यात सहायक प्राध्यापकाला प्रत्यक्ष शिकवण्याचे १६ तास आणि सहयोगी प्राध्यापकाला १४ तास, असं तिथे लिहिलेलं आहे. विद्यार्थ्यांचं मार्गदर्शन, ग्रंथालय, उपक्रम, संशोधन यांसाठी रोज किमान दोन तास द्यावेत, हेही त्याच नियमात आहे. वहीतली बेरीज या चौकटीशेजारी मांडा. तुमचे दोन तास कुठे गेले ते दिसेल. ते तुमच्याइतकंच प्राचार्यांनाही दिसणं गरजेचं आहे, कारण त्यांच्याकडे कामांची यादी असते, त्या कामांना लागणारे तास नसतात.

बोलताना 'मला झेपत नाही' असं म्हणू नका. तेवढ्यावर 'सगळ्यांनाच आहे मॅडम' हे उत्तर ठरलेलं आहे. कागद पुढे ठेवा आणि विचारा, 'सर, या तीनपैकी दोन मी नीट करू शकते, कुठली दोन ठेवू?' माझं मत विचाराल तर परीक्षा विभाग सोडा आणि एन.एस.एस. ठेवा. एन.एस.एस. दमवतं, पण सात दिवसांच्या शिबिरात पोरं जवळ येतात, गाव दिसतं, त्यातून परत काही मिळतं. नॅक लगेच सुटेल असं वाटत नाही, पण ते सोपं करता येतं. तोच तपशील आधी विभागाला, मग आयक्यूएसीला (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला), मग पुन्हा विद्यापीठाला वेगवेगळ्या नमुन्यांत द्यावा लागतो, खरा वेळ तिथे जातो. सगळ्या विभागांसाठी एकच सामाईक तक्ता करा, कार्यक्रम झाला की त्याच आठवड्यात त्यात नोंद, आणि एक लिपिक त्या कामाला अर्धवेळ का होईना, मागून घ्या. तुमच्या एकटीसाठी मागितलंत तर सवलत वाटेल, सातही क्रायटेरियनच्या समन्वयकांनी मिळून मागितलं तर ती व्यवस्था होईल. म्हणून आधी त्या सहा जणांबरोबर चहा घ्या. माझी खात्री आहे, त्यांतल्या दोघा-तिघांना पहाटे जाग येत असेल.

सगळ्याच मागण्या सारख्या वाईट नसतात, हेही लक्षात असू द्या. नवा अभ्यासक्रम हे ओझं आहेच, पण त्यात डोकं लागतं, आणि झाल्यावर काहीतरी शिकल्यासारखं वाटतं. असा ताण माणूस पेलतो, कधी त्यातून फुलतोही. ज्यातून कुणाचंच शिकणं वाढत नाही असा कागदी ताण मात्र नुसता झिजवतो. वही भरताना प्रत्येक कामापुढे याचीही एक खूण करत चला. नवीन अभ्यासक्रमावर जे चिडणं होतंय त्यातलं किती खरं त्या अभ्यासक्रमावर आहे आणि किती त्याला वेळच उरत नाही यावर, ते तुम्हालाच उमगेल.

रात्रीच्या ग्रुपचं थोडक्यात. काम संपल्यावर मन कामातून खरोखर बाहेर पडलं तरच शरीर सावरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवलंय. नुसतं घरी येऊन भागत नाही. रात्री साडेआठनंतर ग्रुप बंद ठेवा आणि तसं प्राचार्यांना एकदा सांगून ठेवा: 'अगदी तातडीचं असेल तर फोन करा सर, मी उचलेन.' फोन फार येणार नाहीत. लिहायला सोपं म्हणून जे 'अर्जंट' असतं, त्यातलं बरंचसं फोन करून सांगण्याइतकं निकडीचं नसतं.

आणि घर. 'एवढा पगार, एवढ्या सुट्ट्या' हे वाक्य सांगली-साताऱ्यात प्रत्येक प्राध्यापकाने ऐकलेलं आहे. पगार चांगला आहे हे मान्य करा, त्यावर वाद घालू नका. पण योहानेस सीग्रिस्ट या अभ्यासकांनी १९९६ मध्ये मांडलेली गोष्ट घरच्यांना सांगा. माणूस जेवढी मेहनत घालतो तेवढा मोबदला मिळाला नाही की तब्येत बिघडते, आणि त्या मोबदल्यात पैशाबरोबर मान आणि नोकरीतली सुरक्षितता व बढतीही मोजावी लागते. तुम्ही घरी ताण 'सिद्ध' करत बसू नका. काय हवंय ते नेमकं मागा: रात्रीचा स्वयंपाक आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्या कुणी करायचा, रविवारी दुपारनंतर तुम्हाला कुणी काही विचारायचं नाही. समजून घ्या, असं म्हटलं की माणसं मान डोलावतात. चपात्या तुम्ही करा, असं म्हटलं की काहीतरी हलतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या, माझ्या किंवा तुमच्या प्राचार्यांच्याही हातात नाही. अनुदानित महाविद्यालयांत निवृत्त होणाऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, आणि त्या माणसांचं काम उरलेल्यांत आणि सी.एच.बी.वाल्यांत वाटलं जातं. तुमच्या विभागात पूर्वी किती पूर्णवेळ माणसं होती आणि आज किती आहेत, ते आठवून बघा. हे कुणाच्या योगाभ्यासाने किंवा वेळेच्या नियोजनाने भरून येणारं नाही, आणि प्राध्यापकांना ताणमुक्तीची कार्यशाळा देऊन जागा न भरणं मला अन्यायाचं वाटतं. यासाठी संघटना आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांत 'सुटा' या प्राध्यापक संघटनेचं काम चालतं. सभेला जा, तुमची वही तिथेही न्या. विद्यापीठ पातळीवर शिक्षकांच्या तक्रारींसाठी निवारण समितीची तरतूद २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात आहे. प्राचार्यांशी बोलूनही वर्षभर काहीच हललं नाही तर तो रस्ता आहे, आणि तो वापरण्यात कसलाही कमीपणा नाही.

राहिला राजीनामा. आत्ता नको. थकव्याच्या तळाशी असताना माणसाला प्रत्येक दार बंदच दिसतं. शिवाय तुम्ही २००९ ला लागलात, म्हणजे नोव्हेंबर २००५ नंतरच्या. जुनी पेन्शन तुम्हाला नाही, राष्ट्रीय पेन्शन योजनेतली पुंजी आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली तर हातात काय येतं, ते एखाद्या जाणत्या हिशेबनिसाकडून कागदावर मांडून घ्या, पण निर्णय उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत करू नका. मधल्या काळात डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तर वैद्यकीय रजा घ्या, एक्यूएआरची तारीख आहे म्हणून पुढे ढकलू नका. सुट्टीतले पहिले दोन-तीन आठवडे नुसते झोपेत आणि घरात जाऊ देत. त्यानंतर स्वतःला विचारा: जून आला, ती एक बॅच माझ्याकडे आहे, परीक्षा विभाग सुटलाय, तरीही त्या इमारतीत पाऊल टाकवत नाही का? तेव्हाही उत्तर 'नाही टाकवत' असंच असेल तर सोडण्याचा विचार जरूर करा. चांगली शिक्षिका कॉलेजबाहेरही शिकवू शकते, आणि तुमच्या भागातल्या द्राक्षबागायतदारांना पानावरून रोग ओळखणारं माणूस नेहमीच हवं असतं.

तपासण्यांचं काय निघालं ते मला कळवा.